पर्यायी व्यवस्था

जामखेड तालुक्यातल्या सावरदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांचा तुटवडा असायचा, पाण्याचा असायचा, डॉक्टरचा तर बाराही महिने असायचा. पण चांगल्या मसुद्याचा तुटवडा कधी पडला नाही. तिथे बन्सी ढगे होता. हुद्दा कनिष्ठ सहायक, गावाच्या तोंडी ढगे भाऊसाहेब. अक्षर सुरेख, आणि त्या अक्षरात तो जे लिही त्यात बोट ठेवायला जागा नसे. फ्रीज बंद पडून लस वाया गेली तर बन्सी लिही, ‘शीतसाखळीत तांत्रिक व्यत्यय’. छत गळून गाद्या कुजल्या तर ‘इमारतीस किरकोळ दुरुस्तीची आवश्यकता’. नगरच्या ऑफिसातले मोठे साहेब दुसऱ्या दवाखान्यांच्या कारकुनांना म्हणत, “आधी ढग्यांचं पत्र वाचा, मग लिहायला बसा.” हे बन्सीच्या कानावर आलं होतं, आणि त्याने ते बायकोला निदान चार वेळा ऐकवलं होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी नगरहून पहिल्या एसटीने खास माणूस आला. हातात एकच पाकीट, त्यावर लाल चिठ्ठी: ‘अति तातडीचे. विधानसभा तारांकित प्रश्न.’ बन्सीने खुर्चीतून उठून ते पाकीट घेतलं. शिपाई मच्छिंद्रला म्हणाला, “चहा सांग दोन. आणि आता मला कुणी हाक मारायची नाही.”

हा तारांकित प्रश्न काय असतो ते सांगायला हवं, कारण शाळेत नागरिकशास्त्रात शिकवतात ते अर्धंच असतं. आमदार सभागृहात मंत्र्याला जाब विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, इथवर पुस्तकात आहे. पुढचं पुस्तकात नाही. मंत्री सचिवाला विचारतो, सचिव संचालकाला, संचालक जिल्ह्याला आणि जिल्हा त्या गावच्या दवाखान्याला. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच टेबलावर प्रश्न येऊन बसतो आणि विचारतो, बाबा रे, तक्रार खरी आहे का? तो जे लिहील ते पायऱ्या चढत वर जातं, वाटेत जो तो त्यावर सही ठोकतो, आणि नागपूरच्या थंडीत मंत्री उभा राहून ते वाचून दाखवतो. लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती मंत्र्याला आवरायला ही एवढी दोरी, आणि तिचं खालचं टोक एका कनिष्ठ सहायकाच्या हातात. बन्सीला हे पक्कं ठाऊक होतं. त्याची छाती त्या सकाळी फुगली ती त्यामुळेच.

पाकीट फोडलं आणि ती फुगलेली छाती खाली बसली.

शिर्डी येथे मंत्रिमहोदयांच्या वाढदिवसानिमित्त सप्टेंबर महिन्यात भरलेल्या महाआरोग्य शिबिरासाठी, मंत्र्यांच्या तोंडी आदेशावरून, सावरदरा केंद्राचे डॉक्टर, परिचारिका व जीप तीन दिवस नेण्यात आली होती, हे खरे आहे काय? असल्यास, त्या काळात सौ. शुभांगी संदीप मोढळे या बाळंतिणीचा उपचाराअभावी मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

बन्सीने चष्मा काढून पुसला. खरं आहे काय म्हणून कुणाला विचारायला जायची गरज नव्हती. त्या दिवशी तो तिथेच होता.

आदेश फोनवर आला होता. ‘कागद मागू नका, माणसं पाठवा’ एवढंच. डॉक्टर कुरकुरत जीपमध्ये बसले, सिस्टर बसल्या, आणि दवाखान्यात बन्सी आणि मच्छिंद्र असे दोघेच उरले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फाटकात बैलगाडी आली. वस्तीवरची भामाबाई आपल्या लेकीला घेऊन आली होती. पहिलं बाळंतपण म्हणून शुभांगीला रीतीप्रमाणे माहेरी आणलेलं. पहाटे मुलगी झाली, मुलगी ठणठणीत, पण बाळंतिणीचं रक्त काही थांबेना. खाली घातलेली गोधडी भिजून गेली होती. बन्सीने जामखेडला फोन लावला, तर तिथली गाडीही शिर्डीलाच. मग त्याने फार विचार केला नाही. तो धावत सुटला, बाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेला आणि कडब्याच्या टेम्पोसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली. बन्सीने ती ऐकून घेतली, टेम्पो दवाखान्यात वळवून घेतला, आणि मच्छिंद्रने पायांकडून, त्याने खांद्याकडून धरून पोरीला कडब्यावर निजवलं. त्या खटपटीत त्याच्या डाव्या पायातली चप्पल टेम्पोतच राहिली. संध्याकाळी तो उरलेली चप्पल टेबलाखाली सारून अनवाणी घरी गेला. तोवर शुभांगी गेल्याची खबर आली होती. जामखेडची वेससुद्धा तिला दिसली नाही.

त्यानंतरचंही बन्सीला ठाऊक होतं. माहेरी मेलेल्या सुनेचा हिशेब सासर माहेराकडे मागतं. शुभांगीचं सासर कर्जतकडचं. सुतक फिटताच ते आले, तान्ही पोर उचलून घेऊन गेले आणि भामाबाईला सांगून गेले, तू आमची सून घरात कोंडून मारलीस, दवाखान्याची पायरी दाखवली नाहीस, आता नातीचं तोंड बघायला येऊ नकोस. विधवा बाई, एकच लेक. ती तीनदा कर्जतकडे जाऊन दारातून परत आली होती. दवाखान्यात नेलं होतं हे तिचं म्हणणं मानायला तिकडे कुणी तयार नव्हतं.

इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसासमोर तो कोरा कागद होता.

बाराला फोन वाजला. फोन नेमका त्या दिवशी चालू होता. नगरचे साहेब म्हणाले, “ढगे, दोन वाजता नागपूरला फॅक्स गेला पाहिजे. प्रश्नात मंत्रिसाहेबांचा थेट उल्लेख आहे. माझं डोकं चालेनासं झालंय. या जिल्ह्यात यातून वाट काढणारा एकच माणूस आहे, आणि मी त्याच्याशीच बोलतोय.”

साहेबांनी धमकी दिली नाही, बदलीचं नाव काढलं नाही, आवाज चढवला नाही. धमकी दिली असती तर बन्सीला पुढे आयुष्यभर सांगायला झालं असतं. त्यांनी फक्त कौतुक केलं, आणि तेवढ्यावर तो विरघळला.

त्याने नोंदवही उघडली. त्या तारखेला शुभांगीचं नाव नव्हतंच. केसपेपर काढायचा तो डॉक्टरने तपासावं म्हणून. डॉक्टरच नाही तर केसपेपर कशाला काढायचा, म्हणून त्याने काढला नव्हता. नियमाने त्यात चूक नव्हती. बन्सीच्या मनात एकदम उजेड पडला. ‘हे खरे नाही’ ही ठरावीक सुरुवात सोडली तर एकही धडधडीत खोटा शब्द न लिहिता सगळं प्रकरण साफ करता येत होतं. मग त्याने लिहिलं:

‘(१) हे खरे नाही. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व वाहन पूर्वनियोजित शासकीय शिबिराच्या कामी होते व केंद्रात पर्यायी व्यवस्था ठेवण्यात आली होती. (२) हे खरे नाही. केंद्राच्या नोंदवहीत सदर महिलेची नोंद आढळून येत नाही. नातेवाइकांनी तिला केंद्रात दाखल न करता परस्पर खाजगी वाहनाने नेल्याचे समजते. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

दाखल केलं नव्हतं, हे खरंच होतं. टेम्पो खाजगीच होता. आणि पर्यायी व्यवस्था? ती म्हणजे तो स्वतः आणि मच्छिंद्र. हे सुचलं तेव्हा तो एकटाच गालात हसला. पुढे कित्येक महिने त्याला बाकी सगळ्याहून त्या हसण्याची लाज वाटत राहिली. फोनवर तो एकेक शब्द सांगत गेला, साहेब लिहून घेत गेले, आणि ‘समजते’वर आले तेव्हा म्हणाले, “वा! कुणाला समजते, ते विचारायची सोयच नाही.”

नागपूरला ते तसंच्या तसं वाचलं गेलं. आमदार पुन्हा उठले, पर्यायी व्यवस्था म्हणजे नेमकी कोणती, असं त्यांनी विचारलं म्हणतात. मंत्री म्हणाले, माहिती पटलावर ठेवतो, आणि सभागृह पुढच्या प्रश्नाकडे वळलं. तिसऱ्या दिवशी नगरच्या एका पेपरात चौकट आली: ‘नातेवाइकांनीच दाखल केले नाही. बाळंतिणीच्या मृत्यूबाबत मंत्र्यांचा खुलासा.’ बन्सीने पेपरच्या दोन प्रती घेतल्या. एकीतली चौकट कापून टेबलाच्या काचेखाली सरकवली. आपलं वाक्य छापून आलेलं, तेही मंत्र्याच्या तोंडून! मच्छिंद्रने ती काच पुसताना वाचली आणि फडकं खुंटीला लावून तो बाहेर गेला. एरवी तो दोरी तुटलेल्या बादलीवरही दहा मिनिटं बोलायचा.

जानेवारीत, बाजाराच्या दिवशी, दुपारच्या वेळेला भामाबाई आली.

“हाईत का भाऊसाहेब?” दारात उभं राहून तिने विचारलं. पदर डोक्यावर, खांद्याला बाजाराची पिशवी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती आत आली आणि पिशवीतून पेपरात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिने टेबलावर ठेवली.

“तुमची चप्पल. त्या दिशी टेम्पोत ऱ्हायली हुती. डायवर भला, दिवाळीला वस्तीवर आनून दिली. मी धुऊन ठिवली. आंगठा तुटला हुता, त्यो बाजारात शिवून घेतला आज.”

“मावशी, हे कशाला…” बन्सी म्हणाला. उजव्या पायाची जोडीदार टेबलाखालीच पडून होती. नवीन जोड घेतल्यावरही ती त्याच्याने टाकवली नव्हती, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“आन ह्यो पेपर वाचून दावा.” भामाबाईने चप्पल बाजूला ठेवून तिच्यावरचा पेपर हाताने सरळ केला. “इवायानं धाडलाय मानसाहाती. म्हनला, बघ, सरकारच सांगतंय तूच दवाखान्यात नेली न्हाईस. मला कुठं वाचता येतंय! गावात कुनाला दावायचा बी धीर हुईना. म्हनलं, भाऊसाहेबच वाचत्याल. त्यास्नी समदं ठावं हाय.”

बन्सीने वाचलं. शाळेत पहिल्यांदा धडा वाचणाऱ्या पोरासारखा अडखळत वाचलं, आणि प्रत्येक शब्द त्याला पाठ होता. भामाबाईने त्याला पुन्हा वाचायला लावलं. 

“नोंद न्हाई म्हंजी काय?”

“म्हणजे… वहीत तिचं नाव नाही.”

“नाव कोन लिवतं वहीत?”

“मीच.”

“मंग ऱ्हायलं आसंल गडबडीत,” भामाबाई त्यालाच समजावत म्हणाली. “तुमी कुटं हुता हितं? तुमी पळाला न्हवं का रस्त्याकडं. जीव वाचवायचा का नाव लिवायचं?”

तिने त्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्याच्यासाठी सबब शोधत होती, आणि ती सबब त्याच्या मसुद्याहून चांगली होती. काचेखालच्या कात्रणावर बन्सीने हळूच हात ठेवला. तिला वाचता येत नाही हे माहीत असूनही ठेवला.

“मी सांगू का?” ती म्हणाली. “ह्ये ज्यानं लिवलं त्यो हितं नव्हता. म्हनून आसं लिवलं त्यानं. लांब खुर्चीत बसल्याला काय कळनार? तुमी हुता. तुमी लिवून द्या मला. इवायाच्या म्होरं टाकते आन मंग आमदाराकडं देते. मला सरकारकडनं दुसरं काय बी नगं. नातीला मांडीवर घेऊ दिलं म्हंजी झालं. चार म्हैन्याची झाली आसंल आता, मान धरत आसंल.”

बन्सीने कागद ओढला. साक्षीचा अर्ज लिहायला त्याला पाच मिनिटं पुरत, पण त्या दिवशी अर्धा तास लागला. सवयीने ‘सदर महिला’ लिहिलं आणि खोडलं. ‘उपलब्ध नव्हते’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी साधंच उतरलं: डॉक्टर नव्हते. सिस्टर नव्हती. जीप नव्हती. भामाबाईने लेकीला दवाखान्यात आणलं होतं आणि दवाखान्यात कुणी नव्हतं. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकता ऐकता भामाबाईने डोळ्याला पदर लावला. मग तिने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून खाली उठवला आणि बोट कागदाच्या कोपऱ्याकडे नेलं.

“हितं तुमचं नाव लिवा. बगनाऱ्याचं.”

पेन थांबलं. साहेबांचं ‘वा!’ त्याच्या कानात होतं, अजून दहा वर्षं नोकरी बाकी होती, आणि कनिष्ठचा वरिष्ठ व्हायचा कागद नगरला त्याच साहेबांच्या टेबलावर होता. बन्सी म्हणाला, “मावशी, सरकारी नोकराला अशी साक्ष देता येत नाही. तसा नियमच आहे.”

“आसं व्हय?” भामाबाईने हात मागे घेतला. “मंग नगा देऊ. तुमची बी लेकरंबाळं हाईत. त्या दिशी तुमी केलं त्येच लई झालं. इवायाच्या दारात मी मानसांम्होरं सांगते, कुनी न्हवतं तवा येक भला मानूस पळाला माज्या लेकीसाटी. गाडीम्होरं आडवा झाला. देव त्येचं कल्यान करो.”

ती घडी करून अर्ज पिशवीत ठेवायला लागली. बन्सीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याने आयुष्यात अनेकांची अनेक बोलणी खाल्ली होती, पण हा आशीर्वाद त्याच्याने गिळवेना.

“मावशी, थांबा,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “ते लिहिणारा इथंच होता.”

“कोन?”

“मी. ते मंत्र्याने वाचलं, पण लिहिलेलं माझं आहे. या टेबलावर बसून लिहिलं. मला सगळं माहीत होतं, तरी लिहिलं.” काच उचलून त्याने कात्रण बाहेर काढलं आणि तिच्यापुढे धरलं. “हे बघा. मी जपून ठेवलं होतं.”

भामाबाईने कात्रण हातात घेतलं नाही. ती आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग टेबलावरच्या चपलेकडे. बन्सीला वाटलं, आता ती चप्पल उचलेल आणि तोंडावर हाणेल; हाणावी, असंच त्याला मनापासून वाटत होतं. पण तिने अर्जाचा कागद पिशवीतून काढला, उलगडला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“सही करा.”

बन्सीने सही केली. पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख लिहिली, आणि खाली लिहिलं, ‘त्या वेळी मी स्वतः हजर होतो. विधानसभेत दिलेले उत्तर मी लिहिले असून ते खोटे आहे.’ एवढं लिहिताना त्याला एकही शब्द खोडावा लागला नाही. तिने विचारलं म्हणून तेही वाचून दाखवलं. तिने मान हलवली, कागदाची घडी घातली आणि ती पदराच्या गाठीत बांधली. पिशवीत ठेवली नाही.

मग तिने टेबलावरची चप्पल उचलली, त्याच पेपरात नीट गुंडाळली आणि पिशवीत घातली.

बन्सी बघतच राहिला. “मावशी, ती…”

“ही तुमची न्हवं,” भामाबाई शांतपणे म्हणाली. “ही त्या पळनाऱ्या मानसाची हाय. त्यो गावला तर त्याला देईन.”

ती गेली. फाटकाबाहेर जाऊन कर्जतच्या एसटीसाठी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, जिथे सप्टेंबरात टेम्पो थांबला होता तिथेच. बन्सीने खिडकीतून पाहिलं आणि मान आत घेतली. तो खुर्चीत बसून राहिला. अर्ज आमदाराकडे पोचला की नवा प्रश्न होईल, आणि लाल चिठ्ठी लावून याच टेबलावर येईल, हे त्याला कळत होतं. तेव्हा काय लिहायचं ते मात्र आता ठरून गेलं होतं. तरी त्याला हलकं वाटत नव्हतं.

संध्याकाळी झाडलोट करताना मच्छिंद्रचा खराटा टेबलाखालच्या उजव्या चपलेला लागला. ती हातात घेऊन तो म्हणाला, “भाऊसाहेब, भामाबाईनं आनली हुती न्हवं दुसरी? लागली का जोडी?”

“नाही,” बन्सी म्हणाला. “ती माझी नव्हती.”